पोलरायझर फिल्टर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

छायाचित्रकार ज्याला ‘सीपीएल’ म्हणतात तो सर्क्युलर पोलरायझर म्हणजे रंगीत काच नव्हे. आकाशात तो निळा रंग भरत नाही की पानांत हिरवा. प्रकाशलहरी कोणत्या दिशेने कंप पावतात एवढेच तो पाहतो. एका दिशेची कंपने तो पुढे जाऊ देतो आणि तिच्याशी काटकोनात असलेली अडवतो. सूर्याच्या थेट प्रकाशात सर्व दिशांची कंपने सारखी असतात. पाण्यावरून किंवा काचेवरून परावर्तित होताना मात्र त्यातली एक दिशा वरचढ ठरते, म्हणजे प्रकाश ध्रुवित होतो. १८०८ मध्ये एत्येन लुई माल्यूस या फ्रेंच शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारा मावळतीचा प्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला, तेव्हा त्याला हे उमगले.

फिल्टर लावला की कोणतेही प्रतिबिंब पुसता येते, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. यात कोनाला फार महत्त्व आहे. डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१५ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रत्येक पारदर्शक पदार्थासाठी एक ठरावीक कोन असतो आणि त्या कोनातून परतणारा प्रकाश पूर्ण ध्रुवित असतो. पाण्याच्या बाबतीत कॅमेरा पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून धरला, तर चकाकी जवळजवळ नाहीशी होते आणि तळाचे गोटे दिसू लागतात. काचेसाठी हाच कोन सुमारे ३४ अंश आहे. दुकानाच्या काचेसमोर अगदी सरळ उभे राहून फिल्टर कितीही फिरवला, तरी त्यातले प्रतिबिंब हटत नाही. दोन पावले बाजूला सरकल्यास हटू लागते. उघड्या धातूवरची चमक तर कोन बदलूनही फारशी कमी होत नाही, कारण धातूवरून परतणारा प्रकाश अशा रीतीने ध्रुवित होत नाही. स्टीलच्या भांड्यांवर आणि आरशावर म्हणूनच हा फिल्टर निष्प्रभ ठरतो. मोटारीच्या रंगावर किंवा पॉलिश केलेल्या लाकडावर तो चालतो.

आकाशाचेही तसेच. निळे आकाश सगळीकडे सारखे गडद होत नाही. हवेतील रेणूंवरून विखुरलेला प्रकाश सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक ध्रुवित असतो. सूर्याच्या जवळ आणि त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला फिल्टरचा परिणाम जवळपास शून्य. अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरून तर्जनी सूर्याकडे रोखावी आणि मनगट फिरवत जावे. अंगठा जिथे जिथे वळतो तो पट्टा सर्वाधिक गडद होणारा. सकाळ-संध्याकाळी हा पट्टा डोक्यावरून जातो. मे महिन्यात मुंबई-पुण्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, तेव्हा हा पट्टा क्षितिजालगत उतरतो आणि तिथल्या धुरकट हवेत बराचसा फिका पडतो. शिवाय १६ मिमीसारखी रुंद लेन्स आडव्या चौकटीत ९० अंशांहून अधिक आकाश घेते. मग मध्येच गडद डाग आणि दोन्ही बाजूंना फिकट आकाश असे चित्र मिळते. हा फिल्टरचा दोष नव्हे. अशा वेळी तो थोडा उलट फिरवून परिणाम सौम्य करावा किंवा सरळ काढून ठेवावा.

ढगाळ दिवशी पोलरायझर निरुपयोगी, ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. ढगाळ आकाश त्याने गडद होत नाही, हे खरे. पण ओल्या पानांवर आणि भिजलेल्या कातळावर आभाळाच्या पांढऱ्या उजेडाची जी झिलई चढते, ती तो काढून टाकतो आणि खालचा मूळ रंग उघडा पडतो. पावसाळ्यात सह्याद्रीतील धबधबे किंवा जंगल टिपणाऱ्याला निरभ्र दिवसापेक्षा अशा दिवशी हा फिल्टर अधिक उपयोगी पडतो. दाट धुक्यावर मात्र त्याचा उपाय चालत नाही. धुक्याच्या थेंबांवरून प्रकाश पुनःपुन्हा विखुरतो आणि कंपनांची दिशा उरत नाही. इंद्रधनुष्याचा प्रकाश ठळकपणे ध्रुवित असतो. म्हणून फिल्टर एका स्थितीत इंद्रधनुष्य उठावदार करतो आणि दुसऱ्या स्थितीत ते पुसून टाकतो.

हे सगळे संगणकावर नंतर करता येते, हेही अर्धसत्य आहे. निळा रंग गडद करणे सोपे आहे. पण चकाकीने झाकलेला तळ कॅमेऱ्यापर्यंत पोहोचलेलाच नसेल, तर सॉफ्टवेअर तो फार तर कल्पनेने भरू शकते.

फिल्टर कायम लावून ठेवण्यातही अर्थ नाही. तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो. १/२५० सेकंदाचा शटर दोन स्टॉपला १/६० वर येतो. मंद उजेडात तेवढ्याने चित्र हलते.

आता ‘सर्क्युलर’विषयी. लिनिअर पोलरायझरही गोल चौकटीतच मिळतो, तेव्हा फरक आकाराचा नाही. सीपीएलमध्ये लिनिअर पोलरायझरच्या मागे आणखी एक पातळ थर असतो. तो प्रकाशाला वर्तुळाकार ध्रुवित करून आत सोडतो. एसएलआरमधील अर्धपारदर्शक आरसा सरळ ध्रुवित प्रकाशाने फसतो आणि प्रकाशमापन व ऑटोफोकस चुकू शकतात. हा थर त्यासाठी आहे. मिररलेस कॅमेऱ्यात असा आरसा नसल्याने लिनिअर पोलरायझरही सहसा चालतो. चित्रावरचा परिणाम दोन्हींचा सारखाच.

या मागच्या थरामुळे फिल्टरला पुढची आणि मागची बाजू असते. हातात धरून पाहताना आट्यांची बाजू डोळ्याकडे हवी. दोन सीपीएल एकापुढे एक नेहमीप्रमाणे बसवून प्रकाश हवा तसा कमी-जास्त करता येत नाही, कारण पुढच्यातून आलेला वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश मागचा कसाही फिरवला तरी सारखाच आत जातो. त्यासाठी पुढचा फिल्टर लिनिअर लागतो. हातातला फिल्टर सीपीएल आहे की नाही, हे आरशासमोर कळते. आट्यांची बाजू आरशाकडे करून फिल्टर एका डोळ्यासमोर धरावा आणि त्यातून आरशातल्या त्याच फिल्टरकडे पाहावे. तो काळा दिसला तर सीपीएल, पारदर्शक दिसला तर लिनिअर.