शेजाऱ्याचे प्रार्थनाघर मुलांना कसे शिकवावे?

प्राथमिक शाळेच्या पुस्तकात एक तक्ता बहुतेक सर्वांनी पाहिलेला असतो. एका बाजूला हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी; दुसऱ्या बाजूला मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा, विहार, अग्यारी. 'जोड्या लावा' म्हटले की मुले बिनचूक जोड्या लावतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. परंतु मशिदीत मूर्ती का नसते, देवळाचा गाभारा अंधारा का असतो, अग्यारीत आपल्याला प्रवेश का नसतो, असे विचारले की ती गप्प होतात. बऱ्याचदा आपण पालकही गप्प होतो. शेजाऱ्याच्या घराचा पत्ता आपल्याला ठाऊक असतो, पण त्या घरात काय चालते ते ठाऊक नसते.

या विषयावर आपल्या लोकांत दोन प्रकारची मते ऐकू येतात. 'मुलांना इतर धर्मांच्या प्रार्थनास्थळांत नेले तर त्यांची श्रद्धा डळमळेल,' असे काहींना वाटते. 'सगळे धर्म सारखेच, एवढे सांगितले की झाले,' असे काही म्हणतात. पहिल्या मतामागे भीती आहे, दुसऱ्यामागे आळस आहे. दोन्हींमुळे मूल अज्ञानातच राहते.

धर्म शिकवणे आणि धर्माविषयी शिकवणे

प्रथम एक भेद स्पष्ट करून घेतला पाहिजे. रविवारच्या धर्मशिक्षण वर्गात आपण मुलांना श्रद्धा देतो. शाळेच्या वर्गात प्रार्थनास्थळांचा पाठ घेताना आपण त्यांना माहिती आणि समज देतो. पहिले काम कुटुंबाचे आणि धर्मग्रामाचे आहे, दुसरे कोणत्याही चांगल्या शाळेचे आहे.

आपल्या राज्यघटनेनेही हा विचार केला आहे. संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे कलम २८ सांगते. शासनमान्य अथवा अनुदानित शाळेत कोणत्याही विद्यार्थ्याला त्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकांच्या, संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, असेही त्याच कलमात म्हटले आहे. विविध धर्मांविषयी माहिती देण्याला मात्र ही बंदी लागू होत नाही. २००२ साली अरुणा रॉय विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद मान्य केला. आपल्या कॅथलिक शाळांत शिकणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसल्यामुळे हा नियम आपल्या शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ख्रिस्तसभेची भूमिकाही संदिग्ध नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. त्या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, त्यातील काहीही ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असा त्याचा आशय आहे. ख्रिस्त हाच मार्ग, सत्य आणि जीवन आहे, ही घोषणा करण्याचे कर्तव्यही त्याच परिच्छेदात सांगितले आहे. त्याआधी, डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईच्या युखरिस्तिक परिषदेसाठी आले होते. तेव्हा इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थना उद्धृत केली होती.

वास्तू वाचायला शिकवावी

प्रत्येक प्रार्थनास्थळाची रचना ही तेथील श्रद्धेची भाषा असते. मुलांना नावे पाठ करून घेण्याऐवजी ही भाषा वाचायला शिकवली, तर पाठ कायमचा लक्षात राहतो.

देवळाचा सभामंडप प्रशस्त असतो, पण गाभारा लहान आणि मंद प्रकाशाचा असतो. भाविक तेथे मुख्यतः दर्शनासाठी जातो, आणि आपण देवाला पाहतो तसा देवही आपल्याला पाहतो, अशी त्याची भावना असते. म्हणून दर्शनानंतर तो प्रदक्षिणा घालतो, काही क्षण सभामंडपात टेकतो आणि मग निघतो. आपल्या मिस्साप्रमाणे सर्वांनी ठरावीक वेळी एकत्र जमण्याची अट तेथे नसते.

मशिदीत याच्या उलट चित्र दिसते. तेथे मूर्ती नाही, चित्र नाही. मोकळी जमीन आणि ओळीने उभे राहण्याची जागा असते. भिंतीतील मिहराब नावाचा कोनाडा मक्केतील काबाची दिशा दाखवतो, म्हणून महाराष्ट्रात तो पश्चिमेच्या भिंतीत असतो. प्रार्थनेपूर्वी हातपाय व तोंड धुण्यासाठी हौद किंवा नळ असतात. मुले मशीद आणि दर्गा यांत नेहमी गल्लत करतात. मशीद ही नमाजाची जागा आणि दर्गा ही सत्पुरुषाची कबर. मुंबईतील हाजी अली आणि माहीमचा मखदूम अली माहिमी यांचा दर्गा येथे सर्व धर्मांचे लोक जातात, हे आपण पाहतोच.

गुरुद्वारात उंच आसनावर, चांदव्याखाली गुरू ग्रंथ साहिब विराजमान असतो आणि बाकी सारे, श्रीमंत असो वा गरीब, जमिनीवर बसतात. लंगरमध्येही सर्वांची एकच पंगत असते. समतेची शिकवण तेथे बसण्याच्या पद्धतीतच आहे. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आपल्या नांदेडला आहे. गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ साली तेथेच देह ठेवला.

यहुदी प्रार्थनागृह दाखवण्यासाठीही दूर जावे लागत नाही. कोकणात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाचे मुंबईतील पहिले प्रार्थनागृह १७९६ साली उभे राहिले. पुण्यात डेव्हिड ससून यांनी बांधलेले, १८६७ साली पूर्ण झालेले यहुदी प्रार्थनागृह पुणेकर 'लाल देऊळ' म्हणून ओळखतात. यहुदी प्रार्थनागृहात तोराच्या गुंडाळ्या ठेवलेली कपाटासारखी पवित्र पेटी असते आणि तिच्यापुढे दिवा तेवत असतो. आपल्या चर्चमधील पवित्र पेटीजवळचा दिवा पाहिलेल्या मुलाला हे नाते लगेच उमजते. प्रभू येशू नाझरेथमध्ये अशाच प्रार्थनागृहात उभा राहून यशयाचा ग्रंथ वाचीत होता, हे लूकच्या शुभवर्तमानातील वचन मग त्याला जिवंत वाटू लागते.

कार्ल्याच्या लेण्यातील भव्य चैत्यगृहात मध्ये उंच दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि शेवटी अर्धवर्तुळाकार भागात स्तूप आहे. चर्चमध्ये वाढलेल्या मुलाला ती रचना ओळखीची वाटेल. तरीही फरक सांगितलाच पाहिजे. विहारात बुद्धाला वंदन केले जाते, परंतु विश्व निर्माण करणारा देव म्हणून बौद्ध त्याच्याकडे पाहत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यानंतर महाराष्ट्रात वस्तोवस्ती जे विहार उभे राहिले, त्यांत वंदनेबरोबर शिक्षण आणि स्वाभिमानही जोपासला गेला.

मग आपले चर्च येते. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांना ते दाखवताना नुसती उंची आणि रंगीत काचा दाखवू नयेत. बाप्तिस्म्याचे कुंड कशासाठी, वेदी मध्यभागी का, देवशब्द वाचण्याची जागा वेगळी का आणि क्रूसावर दुःख सोसणारा देह का, हे समजावून द्यावे. संतांच्या पुतळ्यांविषयी ती हमखास विचारतात. आपण संतांचा सन्मान करतो, आराधना केवळ देवाची करतो, हे साध्या शब्दांत सांगता आले पाहिजे. ते सांगण्यासाठी आपल्याला आपला धर्म नीट माहीत असावा लागतो. भीती बाळगणाऱ्या पालकांना म्हणूनच सांगावेसे वाटते, की दुसऱ्याचे घर पाहून आलेले मूल आपल्या घराविषयी अधिक प्रश्न विचारते, आणि ती श्रद्धा वाढण्याची संधी असते.

पाहुण्याची मर्यादा

दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळात मूल पाहुणे म्हणून जाते. पादत्राणे बाहेर ठेवणे, गुरुद्वारात डोके झाकणे, जैन मंदिरात कातडी वस्तू न नेणे, प्रार्थना चालू असताना छायाचित्रे न काढणे ही पाहुण्याची रीत आहे. काही ठिकाणी स्त्रियांची बसण्याची जागा वेगळी असते, हेही मुलींना आधीच सांगावे.

पण पाहुणा म्हणजे उपासक नव्हे. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी असिसी येथे निरनिराळ्या धर्मांच्या नेत्यांना शांततेच्या प्रार्थनेसाठी बोलावले. तेव्हा प्रत्येक धर्माच्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी आपापल्या पद्धतीने प्रार्थना केली आणि नंतर सारे एकत्र आले. याच पोप महाशयांनी ६ मे २००१ रोजी दमास्कसच्या उमय्यद मशिदीला भेट दिली. तेथे योहान बाप्तिस्त्याचे स्मृतिस्थान आहे. मशिदीला भेट देणारे ते पहिले पोप. आपली श्रद्धा न सोडता दुसऱ्याच्या दारी आदराने कसे जावे, याचा हा वस्तुपाठ आहे.

प्रसाद घ्यावा की नाही, हा प्रश्न येतोच. तो देवळाच्या दारात सोडवण्याचा नसतो. पालकांशी बोलून आधीच ठरवावे आणि घ्यायचा नसल्यास हात जोडून नम्रपणे तसे सांगावे. करिंथकरांस लिहिताना संत पौलानेही असा प्रश्न हाताळला आहे, आणि त्यात दुसऱ्याच्या विवेकाची काळजी घेण्यावर त्याचा भर आहे. हाच न्याय आपल्याकडेही लागू होतो. मिस्साला आलेल्या ख्रिस्तेतर विद्यार्थ्याला ख्रिस्तप्रसाद दिला जात नाही. हे त्याला आधी प्रेमाने सांगितले, तर रांगेत त्याचा अपमान होत नाही. अग्यारीत पारशी समाजाबाहेरच्यांना प्रवेश नाही, याचा अर्थही मुलांना मग नीट कळतो. दार बंद असणे म्हणजे द्वेष नव्हे. प्रत्येक घरात एखादी खोली अशी असते, जिथे पाहुणा जात नाही.

कटू इतिहास लपवू नये

प्रार्थनास्थळांच्या भिंतींवर इतिहासाचे व्रण असतात. सोळाव्या शतकात गोव्यात पोर्तुगीज सत्तेखाली देवळे पाडली गेली. मंगेशाची मूर्ती १५६० साली कुठ्ठाळीहून प्रियोळला हलवावी लागली. आज तेथे दिसणाऱ्या मंगेशी मंदिरावरील घुमटाचे नाते गोव्यातील चर्चच्या वास्तुशैलीशी आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर येथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकर मंदिरात त्या आजही पाहायला मिळतात.

यापैकी एकच गोष्ट सांगणारा शिक्षक मुलाच्या मनात राग पेरतो. दोन्ही सांगणारा शिक्षक त्याला सत्य देतो. सत्तेच्या जोरावर कोणाचे प्रार्थनाघर पाडणे हे पाप आहे, मग ते कोणीही केलेले असो, हे ख्रिस्ती मुलाने आपल्या माणसांच्या तोंडून ऐकले पाहिजे.

आपल्याच तालुक्यातील सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना बौद्ध स्तूप आणि सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. अशोकाच्या याच लेखमालेतील बारावा लेख गिरनार येथे आहे. जो स्वतःच्या पंथाचे गोडवे गाण्यासाठी दुसऱ्याच्या पंथाची निंदा करतो, तो आपल्याच पंथाची हानी करतो, असा त्याचा आशय आहे. बावीसशे वर्षांपूर्वीचे हे शहाणपण आजच्या वर्गातही उपयोगी आहे.

पालकांनी काय करावे?

शाळेवर सर्व सोडून चालणार नाही. इमारतीतील मुस्लिम कुटुंबाने ईदला किंवा शेजारच्या घराने गणपतीला बोलावले, तर मुलांना बरोबर न्यावे. नाताळात त्यांनाही गोठा पाहायला बोलवावे आणि त्याचा अर्थ सांगावा. मुलाने त्यांच्या धर्माविषयी काही विचारले, तर ऐकीव उत्तर देऊ नये. 'आपण त्यांनाच विचारू' असे म्हणावे. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयी बोलताना आपले वर्णन ऐकून तो शेजारी 'होय, आम्ही असेच मानतो' असे म्हणेल का, ही कसोटी शिक्षकांनी आणि पालकांनी स्वतःला लावावी. शेजाऱ्यावर प्रीती करा, अशी प्रभूची आज्ञा आहे. ज्याच्याविषयी आपण खोटे बोलतो, त्याच्यावर प्रीती कशी करणार?