दिलेला शब्द आणि सहा महिन्यांच्या गोळ्या



हिंदू म्हणून मरणार नाही, असा शब्द बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात दिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात तो पुरा केला. मध्ये २१ वर्षं गेली. फेब्रुवारी १९४१ मध्ये ते आपल्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले, तेव्हा त्या शब्दाला सहावं वर्ष चालू होतं. पुढं मधुमेह जडला, पाय दुखायचे, पण धम्माचा अभ्यास थांबला नाही. शब्द एका दिवसात देता येतो, पाळावा मात्र रोज लागतो.

दवाखान्यात काम करताना हे मला टीबीच्या रुग्णांमध्ये फार दिसलं. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. काही आठवड्यांतच ताप जातो, खोकला उतरतो, भूक लागते. “आता बरं वाटतंय, कशाला गोळ्या?” इथंच शब्द मोडतो. सगळे जंतू तेव्हा मेलेले नसतात. गोळ्या सुटल्या की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात. मग उपचार अवघड होतो आणि तोच आजार घरातल्या लेकराला लागू शकतो.

दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेला माणूस अंगात ताप असला तरी कोयता उचलतो, कारण तो शब्द मोडला तर वसुलीला माणूस दारात येतो. गोळी चुकली तर दारात कोणी येत नाही. म्हणून निघण्याआधी आशाताईंना सांगा, निक्षयचा नोंदणी क्रमांक जवळ ठेवा. त्यावर दुसऱ्या जिल्ह्यात, कर्नाटकातसुद्धा उपचार पुढं चालू ठेवता येतो.

बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. टीबीच्या काही गोळ्यांचा भार यकृतावर पडतो, त्यात दारू आली तर कावीळ होण्याचा धोका वाढतो. डोळे पिवळे दिसले, उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

शासनानंही शब्द दिलेला आहे. औषधं मोफत आहेत आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये आहेत. खात्यात आले नाहीत तर आरोग्य केंद्रात जाऊन विचारा. त्यात लाज कसली? तो तुमचा हक्क आहे.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडका तपासून घ्या. घरात रुग्ण असेल तर रोज एकानं समोर बसून गोळी द्यावी आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करावी. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत एकही दिवस कोरा राहू देऊ नका.