दादीला उनकेश्वरला नेण्याआधी

गुडघे धरले की कुणीतरी सांगतंच, "उनकेश्वरला न्या." नांदेड जिल्ह्यातल्या किनवट तालुक्यात हे गरम पाण्याचे झरे आहेत. शेलूबाजारहून मंगरूळपीर, पुसद करत माहूर गाठायचं आणि पुढे जायचं.

पाणी गरम का? खाली ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. येताना क्षार आणतं. तुर्कस्तानात पामुक्कलेला अशाच पाण्यातला चुना साचून पांढऱ्या पायऱ्या झाल्या, शेजारी हिएरापोलिस शहराचे अवशेष आहेत. आपल्याकडे तशा पायऱ्या नाहीत, पण अवशेष आहेत: माहूरचा किल्ला आणि लेणी. अकबराच्या काळात माहूर वऱ्हाड सुभ्यातलं एक सरकार होतं, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखं.

गरम पाण्यानं सांध्यांना आराम पडतो, पण तो तात्पुरता. त्याच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. शुगरवाल्यांच्या पायाला चटका कळत नाही, म्हणून आधी दुसऱ्यानं हात घालून पाहावं. बीपी, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच. उघडी जखम असेल तर उतरूच नये. झरे देवस्थानाजवळ आहेत, तिथली अदब पाळा. किल्ल्यासाठी हिवाळा बरा. फजरनंतर लगेच निघा.