वॉलपोलपासून सुरुवात करू नका

ब्रिटिश पंतप्रधानांवरची पुस्तकं एकामागून एक वाचून काढायची असं ठरवलं, की पहिला मोह होतो तो यादी वरून खाली उतरत जाण्याचा. आधी रॉबर्ट वॉलपोल, मग त्याच्या पुढचा. मला हा रस्ता चुकीचा वाटतो. १७२१ साली वॉलपोलच्या हाती सत्ता आली तेव्हा पंतप्रधान असं पद कायद्यात नव्हतंच. तो खजिना खात्याचा प्रमुख होता आणि राजाची मर्जी व संसदेतलं बहुमत दोन्ही सांभाळत वीसेक वर्षं टिकला. या पदाला अधिकृत मानक्रमात जागा मिळाली ती थेट १९०५ मध्ये. त्यामुळे अठराव्या शतकातला पंतप्रधान समजून घ्यायचा तर दरबार, सरदार घराणी आणि व्हिग-टोरींचे हेवेदावे आधी ठाऊक असावे लागतात. ते नसले की शंभर पानांतच दम लागतो.

आपल्या हातात आधीपासून एखादा धागा असेल, तिथून सुरुवात करावी. रॅम्से मॅकडोनल्ड मराठी वाचकाला परका नाही. ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा त्याचाच. त्यानंतर येरवड्यातलं गांधीजींचं उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार हे सगळं आपण आंबेडकरांच्या चरित्रांतून वाचलेलं असतं. आता तेच महिने डेव्हिड मार्क्वंड यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या मॅकडोनल्डच्या चरित्रात वाचा. हा माणूस तेव्हा ज्या राष्ट्रीय सरकारचा प्रमुख होता, ते संसदेत हुजूर पक्षाच्या बळावर उभं होतं. ज्या मजूर पक्षाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा, त्याच पक्षाने वर्षभरापूर्वी त्याला बाहेर काढलं होतं. निवाडा देणारा हा माणूस स्वतःच्या घरात किती एकाकी होता, हे कळल्यावर परिचित घटनेची दुसरी बाजू दिसते. पुणे करार पुण्याहून आणि लंडनहून असा दोन्हीकडून पाहायला मिळणं, हा या वाचनाचा पहिला मोठा लाभ.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. पुस्तक उघडण्याआधी ते कोणत्या साली लिहिलं गेलं आणि त्या वेळी सरकारी दप्तर खुलं होतं का, एवढं पाहून घ्यावं. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने सरकारी कागद पन्नास वर्षांनी खुले होऊ लागले. १९६७ च्या कायद्याने ती मुदत तीस वर्षांवर आली, आणि २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने वीसवर आणली गेली. त्याआधीची अडचण आणखी मोठी. डिसेंबर १९१६ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्जने मंत्रिमंडळ सचिवालय उभारेपर्यंत बैठकांचं इतिवृत्तच ठेवलं जात नसे. पंतप्रधान राजाला पत्र लिहून काय ठरलं ते कळवी, तेवढीच नोंद. म्हणूनच त्याच्या आधीचा पंतप्रधान अ‍ॅस्क्विथ याने व्हेनेशिया स्टॅन्ली या तरुणीला लिहिलेली खासगी पत्रं अभ्यासकांना मोलाची वाटतात. पहिल्या महायुद्धाच्या काळातली कित्येक गुपितं त्याने त्यांत सांगून टाकली आहेत.

कागद नसताना आणि कागद हाती आल्यावर काय फरक पडतो, हे पाहायला सुएझ प्रकरणासारखं दुसरं उदाहरण नाही. २४ ऑक्टोबर १९५६ रोजी पॅरिसजवळच्या सेव्र गावी ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांच्यात गुप्त करार झाला. इस्रायलने इजिप्तवर हल्ला करायचा आणि उरलेल्या दोघांनी भांडण सोडवण्याच्या नावाखाली सैन्य घुसवायचं, असा तो बेत. पंतप्रधान अँथनी इडनला असा लेखी पुरावा राहायला नको होता. त्याने अधिकाऱ्यांना परत पॅरिसला धाडलं, करार नष्ट करवून घ्यायला. ब्रिटनकडची प्रत गेली, इस्रायलकडची राहिली. २० डिसेंबरला इडनने संसदेत सांगितलं की इस्रायलच्या हल्ल्याची पूर्वकल्पना आम्हाला नव्हती. १९६० मध्ये आलेल्या 'फुल सर्कल' या आठवणींतही या संगनमताचा पत्ता नाही. मग १९६७ मध्ये अँथनी नटिंग यांचं पुस्तक आलं. परराष्ट्र खात्याच्या या राज्यमंत्र्याने सुएझच्या वेळीच राजीनामा दिला होता आणि दहा वर्षं मौन पाळलं होतं. सरकारी दप्तर १९८७ मध्ये उघडलं, त्यानंतर डी. आर. थॉर्प यांचं इडन-चरित्र २००३ मध्ये निघालं. ही तीन पुस्तकं याच क्रमाने वाचावीत. बखर आणि अस्सल कागद यांतलं अंतर इतिहासकार राजवाड्यांनी आपल्याला दाखवून दिलंच आहे. पंतप्रधानाच्या आठवणी या त्याने स्वतःच लिहिलेली बखर समजून वाचाव्यात. त्या टाळू नयेत, कारण काय लपवावंसं वाटलं तेही त्यांतूनच कळतं.

लेखक कोण, हेही पाहावं. ग्लॅडस्टनचं तीन खंडांतलं चरित्र १९०३ मध्ये लिहिणारे जॉन मोर्ले हे त्याचेच मंत्रिमंडळातले सहकारी. पुढे हेच मोर्ले भारतमंत्री झाले, आणि सुधारणांसाठी गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्ये ज्यांच्या भेटी घेत होते ते हेच. मोर्लेंच्या ग्रंथात निष्ठा भरपूर आहे. रॉय जेन्किन्स यांनी १९९५ मध्ये तोच माणूस पुन्हा लिहिला तेव्हा ग्लॅडस्टनच्या रोजनिशीचे चौदा खंड छापून झाले होते. रात्री लंडनच्या रस्त्यांवर वेश्यांना भेटून त्यांना त्या धंद्यातून सोडवण्याची त्याची धडपड आणि त्यापायी मनाला लागलेली टोचणी त्या रोजनिशीत आहे. जेन्किन्स स्वतः गृहमंत्री राहिलेले, त्यामुळे सभागृहातले डावपेच ते फार समजून लिहितात.

वहीत फार टिपणं काढू नयेत, वाचन थांबतं. प्रत्येक पुस्तकामागे त्याचं साल, लेखकाचं नातं आणि इतर पुस्तकांशी न जुळणारी एखादी गोष्ट, एवढं पुरे. पहिलं पान वाचण्याआधी शेवटची सूची उघडून त्यात भारत शोधावा. किती ओळी आहेत त्यावरून लेखकाची नजर लगेच कळते.

मोर्लेंचे खंड आता स्वामित्वहक्कातून मोकळे आहेत. संसदेतली भाषणं हॅन्सार्डमध्ये फुकट वाचता येतात, इडनचं ते निवेदनही तिथेच आहे. मार्क्वंडचं पुस्तक जाड वाटलं तर जॉन ब्यू यांचं अ‍ॅटलीवरचं 'सिटिझन क्लेम' घ्या. सायमन कमिशनबरोबर भारतात आलेला हाच सदस्य १९४७ मध्ये पंतप्रधान होता. वॉलपोल शेवटी वाचला तरी काही बिघडत नाही.