आउटबोर्ड मोटरमधील चार्जिंग तारांचे अतितापन
आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागील बाजूस बाहेरून बसवलेले इंजिन. जुन्या मोटरींमध्ये फ्लायव्हीलमधील चुंबके स्टेटरच्या वेटोळ्यांभोवती फिरून प्रत्यावर्ती प्रवाह निर्माण करतात. रेक्टिफायर त्याचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो व त्यावर १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होते.

खाऱ्या हवेने तारांचे जोड गंजले की त्यांचा विद्युत रोध वाढतो व तेथे उष्णता निर्माण होते. तारेचे आवरण वितळून ठिणगी पडल्यास पेट्रोलच्या वाफेमुळे आग लागू शकते. बॅटरीजवळचा फ्यूज शॉर्ट सर्किटपासून संरक्षण देतो. मात्र गंजलेल्या जोडातील प्रवाह मर्यादेतच असल्याने तो तेथे उडत नाही. म्हणून जोड नियमित तपासणे, स्वच्छ व घट्ट ठेवणे आणि कथिलाचा मुलामा दिलेली, पुरेशा जाडीची तांब्याची तार वापरणे आवश्यक असते.