गॅमा स्फोटाचा विझता उजेड

गॅमा किरणांचा स्फोट बहुतेक वेळा काही सेकंदांत संपतो. मग त्याचा माग काढायचा कसा? मागे रेंगाळणाऱ्या उजेडावरून. या उजेडाला आफ्टरग्लो म्हणतात. स्फोटातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने सुटलेला झोत आजूबाजूच्या वायूवर आदळतो, तेव्हा तो दिसतो. झोत मंदावला की उजेडही ओसरतो.

ढोबळ हिशेब लक्षात ठेवा: वेळ दहापट झाली की तेज साधारण दहावा हिस्सा उरतं. पहिल्या तासाच्या मानाने चार दिवसांनी फक्त शंभरावा हिस्सा.

उशीर झाला तर काय हुकतं? अंतर. १९६७ मध्ये व्हेला उपग्रहांनी असा पहिला स्फोट टिपला. पण हे स्फोट आपल्या आकाशगंगेतले की फार लांबचे, हे तीस वर्षं ठरेना. २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटाची जागा बेप्पोसॅक्स उपग्रहाने कळवली. त्या रात्रीचा आणि आठवड्याभराने घेतलेला फोटो शेजारी ठेवला, तर एक ठिपका विझलेला! पहिला दृश्य आफ्टरग्लो सापडला. मग ८ मेच्या स्फोटाचा उजेड मावळण्याआधी हवाईतल्या केक दुर्बिणीने त्याचा वर्णपट घेतला. त्यातल्या काळ्या रेषांनी निकाल दिला: अंतर अब्जावधी प्रकाशवर्षं.

हवाईत उजाडतं, तेव्हा लडाखमध्ये रात्र असते. म्हणून हान्लेची दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण मला इतकी मोलाची वाटते. एकीकडे दिवस झाला, तरी पाठलाग तुटत नाही.

पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल, तेव्हा आधी विचारा: स्फोटानंतर किती वेळाने पाहिलं?