कुणाच्या घड्याळावर रांगायचं?

रविवारची दुपार. गारखेड्यात ताईकडे पुरणपोळीवर ताव मारायचा प्लॅन होता. पण घरात फुल टेन्शन! कारण? ताईच्या मोबाईलमधलं परदेशी अ‍ॅप. आमच्या नऊ महिन्यांच्या भाचेबुवांच्या नावापुढे लाल खूण आली होती : रांगणे बाकी. भाचेबुवा मात्र आजीच्या मांडीवर ऐटीत बसून वरणभात अंगभर फासत होते.

"अगं, तू तरी कुठे रांगलीस? बुडावर सरकत सरकत थेट उभी राहिलीस," आई म्हणाली. पण ताई आयटीवाली, भावजी वाळूज एमआयडीसीत. दोघांनाही टार्गेटची सवय. ताई रात्रभर झोपली नव्हती.

म्हटलं, ही मोजपट्टी आली कुठून, ते तरी बघू.

बाळाचा विकास तपासणारी गाजलेली डेन्व्हर चाचणी 1967 ची. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातली हजारएक मुलं तपासून ती बेतली गेली. आता तुम्हीच सांगा, तिथलं बाळ आणि तेल-मालिश, झोळी, सगळ्यांच्या कडेवर मिरवणं यात वाढणारं आपलं बाळ, दोघांचा दिवस सारखा असेल? अशा चाचण्यांत जिना चढण्याचाही प्रश्न असतो. ज्या घरात जिनाच नाही, तिथल्या पोराने काय करायचं?

म्हणजे प्रश्न नुसते मराठीत आणून भागत नाही. इथली बाळं पुन्हा तपासायची आणि कुठली गोष्ट कोणत्या वयात जमते ते नव्याने ठरवायचं. हे किचकट काम आपल्याकडे झालंय. प्रमिला फाटक यांनी वडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात अमेरिकेतल्या नॅन्सी बेली यांची चाचणी भारतीय बाळांसाठी बेतली. त्यातूनच पुढे 'डासी' ही मोजपट्टी आली. तिची सुधारित आवृत्ती 1997 मध्ये पुण्यातून निघाली. अडीच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हालचालींचे 67 आणि बुद्धीचे 163 टप्पे!

बरं, जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये भारतासह पाच देशांतल्या बाळांचे आकडे दिले. निरोगी बाळ हात-गुडघ्यांवर रांगतं ते 5.2 ते 13.5 महिन्यांत कधीही. एकटं चालतं 8.2 ते 17.6 महिन्यांत. आणि चार टक्क्यांहून जास्त बाळं तशी रांगलीच नाहीत! हे वाचून दाखवलं तेव्हा ताईने पहिल्यांदा पोळी तोडली.

मग वेगळी मोजपट्टी हवीच कशाला? कारण वरच्या खिडक्या खूप मोठ्या आहेत. बारीक तपासणीत रेष जरा इकडे सरकली की ठणठणीत बाळावर शिक्का बसतो. तिकडे सरकली की खरी गरज असलेलं बाळ सुटतं. "आमच्यात सगळेच उशिरा चालतात" म्हणत थांबणंही तेवढंच महागात पडतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी ताई बालरोगतज्ज्ञांकडे गेलीच. त्यांनी अ‍ॅप नाही, बाळ बघितलं. आधाराशिवाय बसतोय, दोन्ही हात सारखे वापरतोय, धरून उभं केलं की पायांवर भार घेतोय. काळजी नको. मात्र बाळ एकच हात वापरत असेल, अंग फार ताठ किंवा फार सैल असेल, आलेली गोष्ट विसरत असेल किंवा दीड वर्षाचं होऊनही चालत नसेल, तर लगेच दाखवा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते. आणि बाळ वेळेआधी जन्मलं असेल, तर वय ठरलेल्या तारखेपासून मोजा.

ताईने अ‍ॅप काढलं नाही, फक्त नोटिफिकेशन बंद केलं. आणि हॉलमधला टीपॉय हलवून खाली सतरंजी अंथरली. भाचेबुवा आता तिच्यावर मागे मागे सरकतात. अ‍ॅपमध्ये त्यासाठी रकानाच नाही!